त्रैवार्षिक विधी सीईटीसाठी कोणते मार्गदर्शक पुस्तक घ्यावे?

प्रश्न : पदवीधर विद्यार्थिनी, शहादा (जि. नंदुरबार)

सर्वांना सविनय नमस्कार. मी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची कला शाखेची पदवी घेतली असून माझे सर्व शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. येत्या उन्हाळ्यात त्रैवार्षिक एलएल.बी.साठीची राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) देण्याचे मी ठरविले आहे. नाशिकला किंवा पुण्याला राहून शिकवणी लावणे घरच्या परिस्थितीत शक्य नाही, त्यामुळे जो काही अभ्यास होईल तो घरी आणि गावातल्या अभ्यासिकेत बसूनच होणार आहे. यंदाचा कापूस विकल्यावर वडिलांनी पुस्तकांसाठी काही रक्कम बाजूला काढून दिली आहे, परंतु ती एकदाच खर्च करता येईल. म्हणून खरेदीपूर्वी आपणा जाणकारांचा सल्ला हवा आहे.

दुकानात मला तीन पुस्तके दाखविण्यात आली. पहिले इंग्रजीत असून जवळजवळ हजार पानांचे आहे. त्याच्या मुखपृष्ठावर ते सर्व विधी प्रवेश परीक्षांसाठी असल्याचे छापलेले आहे, मात्र आतील बहुतेक मजकूर क्लॅट या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेला धरून असावा असे वाटले. दुसरे मराठीत आहे. त्यात संविधान आणि निरनिराळ्या कायद्यांवरील पुष्कळ प्रश्न आहेत, परंतु उत्तरे शेवटी केवळ अ, ब, क, ड अशी दिली आहेत. तिसरा मागील प्रश्नपत्रिकांचा संच आहे. याशिवाय पुण्याला संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या माझ्या मामेभावाने अमेरिकेतील एलसॅट या विधी प्रवेश परीक्षेचे एक जुने पुस्तक मला दिले आहे. यांपैकी कोणते घ्यावे, कोणते टाळावे, आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थिनीने इंग्रजी पुस्तकावर भर द्यावा की मराठी, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : वकील, जळगाव

ताई, नमस्कार. पुस्तके हातात घेण्यापूर्वी परीक्षेची मांडणी एका कागदावर लिहून घ्यावी आणि दुकानात जाताना तो कागद सोबत ठेवावा, अशी माझी पहिली विनंती आहे. ही परीक्षा २०१६ पासून घेतली जाते आणि सुरुवातीची अनेक वर्षे तिच्यात १५० प्रश्न असत. २०२५ पासून ते १२० झाले आणि वेळ पूर्वीप्रमाणेच दोन तासांचा राहिला. त्रैवार्षिक अभ्यासक्रमाच्या परीक्षेत त्या १२० पैकी इंग्रजीचे ४०, सामान्यज्ञान व चालू घडामोडींचे ३२, कायदेविषयक कलाचे २४ आणि तार्किक व विश्लेषणात्मक क्षमतेचे २४ प्रश्न असतात. विधी शाखेची परीक्षा म्हटल्यावर आपण सारेच कायद्याचे पुस्तक शोधू लागतो, परंतु येथे कायद्याचा भाग एक पंचमांश आणि इंग्रजीचा एक तृतीयांश आहे. आपल्याजवळची रक्कम मर्यादित असल्याने ती याच प्रमाणात खर्च व्हावी असे मला मनापासून वाटते.

हे लक्षात घेता पहिले जाड पुस्तक आपण घेऊ नये. क्लॅट ही परीक्षा राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या पंचवार्षिक पदवीसाठी आणि एलएल.एम.साठी घेतली जाते. तिची भाषा केवळ इंग्रजी आहे, पदवी प्रवेशाच्या प्रश्नपत्रिकेतील प्रश्न लांब उताऱ्यांवर आधारलेले असतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. आपल्या सीईटीत गुण वजा होत नाहीत, म्हणून तेथे एकही प्रश्न कोरा सोडण्याचे कारण नाही. क्लॅटसाठी लिहिलेल्या पुस्तकातील ‘खात्री नसल्यास प्रश्न सोडून द्यावा’ हा सल्ला त्या परीक्षेपुरता योग्य असला तरी आपल्यासाठी नुकसानकारक ठरेल. शिवाय त्या पुस्तकातील गणिताची पानेही आपल्या कामाची नाहीत, कारण गणिताचा स्वतंत्र विभाग बारावीनंतरच्या पंचवार्षिक सीईटीत असतो आणि तोही अवघ्या ८ प्रश्नांचा.

मराठी पुस्तकाबाबत दोन गोष्टी दुकानातच उभ्या उभ्या तपासाव्यात. पहिली म्हणजे पुस्तक खरोखर अद्ययावत आहे की केवळ मुखपृष्ठावरचे वर्ष बदलले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्यामुळे खुनाच्या शिक्षेचे कलम शोधावे. तेथे केवळ ३०२ लिहिलेले असेल आणि नव्या संहितेतील १०३ चा उल्लेखही नसेल, तर ते पान जुन्या आवृत्तीतून जसेच्या तसे उचललेले आहे असे समजावे. फसवणुकीच्या बाबतीतही तसेच आहे. सर्वांच्या तोंडी बसलेले ४२० आता ३१८ मध्ये आले आहे. मात्र १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच दंडविषयक कायदा लागू असल्याने आम्हा वकिलांना न्यायालयात अजूनही दोन्ही संहिता हाताशी ठेवाव्या लागतात, आणि म्हणून जुन्या-नव्या कलमांचा तुलनात्मक तक्ता देणारे पुस्तक मी अधिक विश्वासार्ह मानतो.

गुन्हेगारी कायद्याबाहेरही अशा खुणा आहेत. ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ चा की २०१९ चा दिला आहे ते पाहावे, आणि जिल्हा आयोगाची आर्थिक मर्यादा ५० लाख रुपये दिली आहे का तेही पाहावे. २०१९ च्या कायद्यात ती १ कोटी होती आणि २०२१ च्या नियमांनी ती खाली आली, त्यामुळे या एका आकड्यावरून लेखकाने शेवटचा हात कधी फिरवला ते कळते. मुलींच्या विवाहाचे किमान वय २१ असे छापले असेल, तर लेखकाने २०२१ मधील विधेयकालाच कायदा समजून मजकूर लिहिला आहे. ते विधेयक संमत झाले नाही आणि सतरावी लोकसभा विसर्जित झाल्यावर ते व्यपगत झाले. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत आढळला तर पुस्तक तेथेच मिटून ठेवावे; १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून निघाला आणि आज तो अनुच्छेद ३००-अ मध्ये आहे.

दुसरी गोष्ट स्पष्टीकरणाची, आणि तिला मी पहिलीपेक्षाही अधिक महत्त्व देतो. एक उदाहरण घेऊ. सतरा वर्षांच्या मुलाने केळीच्या बागेसाठी ठिबक सिंचनाचा संच उधारीवर घेतला, वय अठरा सांगितले आणि नंतर पैसे देण्यास नकार दिला, तर तो करार कसा ठरेल? पर्यायांमध्ये वैध, शून्य, शून्यकरणीय आणि बेकायदेशीर असे शब्द असतील. ‘उत्तर : ब’ एवढे वाचून विद्यार्थ्याच्या हाती काहीही लागत नाही. चांगले पुस्तक येथे सांगेल की भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान (अठरा वर्षांखालील) व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते. ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या प्रकरणात असा करार मुळातच शून्य (कायद्याने निरर्थक) ठरविला होता, आणि जबरदस्तीने किंवा फसवणुकीने संमती मिळविलेला करार शून्यकरणीय (ज्याची संमती तशी घेतली त्याला रद्द करता येणारा) असतो, म्हणून तो पर्याय येथे लागू पडत नाही. चुकीचे पर्याय का चुकले हे ज्या पुस्तकात सांगितलेले असते त्याचा एक प्रश्न सोडविल्यावर पुढचे तीन-चार प्रश्न आपोआप सुटतात. आपण वर्णन केलेल्या मराठी पुस्तकात हेच नाही, म्हणून त्याच विषयावरील दुसरे मराठी पुस्तक मागून पाहावे, मग ते पानांनी निम्मे असले तरी चालेल.

तत्त्व आणि वस्तुस्थिती देऊन विचारलेल्या प्रश्नांबाबत आणखी एक बाब पाहावी. अशा प्रश्नात दिलेले तत्त्व प्रत्यक्ष कायद्याहून वेगळे असले तरी उत्तर त्या दिलेल्या तत्त्वावरूनच काढायचे असते. हा नियम प्रकरणाच्या सुरुवातीला स्पष्टपणे सांगणारा लेखक परीक्षा जाणतो, असे मी समजतो.

उत्तर : निवृत्त इंग्रजी शिक्षक, अमळनेर

वकीलसाहेबांनी इंग्रजीचे ४० प्रश्न नजरेस आणून दिले, त्याबद्दल त्यांचे आभार. खानदेशातील आपल्या मुलांच्या घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि परीक्षेत एकदम इंग्रजी असा प्रवास होतो. मराठी माध्यम निवडले तरी इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच सोडवावा लागतो, हे अनेकांच्या फार उशिरा ध्यानात येते. त्यामुळे, ताई, खर्चाचा पहिला वाटा व्याकरणाच्या पुस्तकाला द्यावा असे मी आग्रहाने सांगतो, आणि ते पुस्तक विधी प्रवेशाचेच असले पाहिजे असे मुळीच नाही. बँक, रेल्वे किंवा राज्यसेवेच्या परीक्षांसाठी मराठीतून समजावून लिहिलेली इंग्रजी व्याकरणाची पुस्तके शहाद्यालाही मिळतात आणि या परीक्षेत येणारे चुका शोधणे, गाळलेल्या जागा भरणे, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द व वाक्प्रचार यांचे प्रश्न त्याच स्वरूपाचे असतात.

पुस्तक पाहताना काळांच्या प्रकरणापासून सुरुवात करू नये, कारण ते प्रकरण सर्वच पुस्तकांत नीट असते. उपपदे, शब्दयोगी अव्यये आणि कर्ता-क्रियापदाचा मेळ ही प्रकरणे उघडावीत. मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे ‘द’ कुठे येतो आणि कुठे येत नाही हे मराठी माणसाला सवयीने कळत नाही, नियम आणि भरपूर उदाहरणे दोन्ही लागतात. ‘त्याच्याशी लग्न केले’, ‘विषयावर चर्चा केली’ असे आपण बोलतो, म्हणून इंग्रजीतही ‘मॅरी’नंतर ‘विथ’ आणि ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ घालण्याकडे आपला कल होतो, आणि चुका शोधण्याच्या प्रश्नांत नेमक्या अशाच जागा दिलेल्या असतात. मराठी बोलणाऱ्याचा पाय कुठे घसरतो हे ज्या लेखकाने लक्षात घेतले आहे, त्याचे पुस्तक घ्यावे. दिल्लीकडच्या एखाद्या मोठ्या प्रकाशनाचे हिंदी भाषकांसाठी लिहिलेले पुस्तकही चालेल, परंतु त्यातील समजावणी आपल्याला सहज कळते का ते एखादे पान वाचून ठरवावे.

शब्दसंग्रहाची वेगळी जाड पुस्तके घेऊ नयेत. हजारो शब्दांच्या याद्या पाठ होत नाहीत आणि झाल्या तरी टिकत नाहीत. अभ्यासिकेत येणाऱ्या इंग्रजी दैनिकाचे संपादकीय पान रोज वाचावे आणि अडलेले शब्द त्या वाक्यासह वहीत उतरावेत. एप्रिलपर्यंत ती वही कोणत्याही छापील यादीपेक्षा उपयोगी ठरेल.

प्रश्नकर्ती

वकीलसाहेब आणि सर, आपण इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. दुकानात पुन्हा जाऊन मराठी पुस्तक तपासले. खुनाचे कलम ३०२ च आहे आणि नव्या संहितेचे नाव केवळ प्रस्तावनेत आले आहे, म्हणून ते न घेण्याचे ठरविले. आता दोन शंका उरल्या आहेत. सामान्यज्ञानाच्या ३२ प्रश्नांसाठी वेगळे पुस्तक घ्यावे का? आणि प्रश्नपत्रिकांच्या संचाचे काय करावे? त्यातील सर्व प्रश्नपत्रिका १५० प्रश्नांच्या आहेत.

उत्तर : विधी शाखेचा विद्यार्थी, धुळे

ताई, मी सध्या धुळ्याला एलएल.बी.च्या द्वितीय वर्षात शिकत आहे. माझेही शिक्षण मराठी माध्यमातून झाले असल्याने आपल्या दोन्ही शंकांवर अनुभवातून लिहितो.

सामान्यज्ञानासाठी पुस्तक विकत घेण्याची आवश्यकता मला वाटत नाही. नागरिकशास्त्र, इतिहास आणि भूगोल यांसाठी बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. विशेषतः सातवीचे जे राज्यशास्त्र २०१७ पासून शिकविले गेले त्यात संविधानाची ओळख आणि मूलभूत हक्क आहेत, आणि आठवीच्या पुस्तकात संसद, कार्यकारी मंडळ व न्यायव्यवस्था आहे. हीच पुस्तके कायदेविषयक कलाच्या विभागालाही पाया म्हणून उपयोगी पडतात, म्हणजे एका वाचनात दोन विभागांचे काम होते. चालू घडामोडींचे प्रकरण मात्र कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात विश्वासाने वाचू नये. दिवाळीच्या सुमारास छापलेल्या पुस्तकात त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांतील घटना येणे शक्यच नसते, आणि परीक्षा उन्हाळ्यात होते. राज्यसेवेची तयारी करणारी मुले जी मराठी मासिके घेतात ती आपल्या अभ्यासिकेत असतीलच. त्यांत समित्या आणि योजनांचा भरणा पुष्कळ असतो, तो सगळा पाठ करत बसू नये. सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय, घटनादुरुस्त्या, नेमणुका, पुरस्कार आणि क्रीडा एवढे वेचून घ्यावे. निवडणूक रोख्यांची योजना १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरली, यासारखी बातमी चालू घडामोडींत जशी येते तशीच कायद्याच्या विभागातही विचारली जाऊ शकते, म्हणून अशा निर्णयांची स्वतंत्र नोंद ठेवणे फार मोलाचे आहे.

प्रश्नपत्रिकांचा संच अवश्य घ्यावा, परंतु तो सोडविताना प्रत्येक पत्रिकेतून ३० प्रश्न वगळावेत. त्रैवार्षिक परीक्षेच्या जुन्या मांडणीत इंग्रजीचे ५०, सामान्यज्ञानाचे ४० आणि उरलेल्या दोन विभागांचे प्रत्येकी ३० प्रश्न होते. इंग्रजीतून १०, सामान्यज्ञानातून ८ आणि उरलेल्या दोहोंतून प्रत्येकी ६ कमी केले की आजची मांडणी तयार होते. असे न करता जुनी पत्रिका तशीच सोडविली तर प्रत्येक प्रश्नाला ४८ सेकंद मिळतात, आज मात्र एक मिनिट मिळते. विनाकारण घाईची सवय लागली की इंग्रजी उताऱ्यांतील सोपे प्रश्न चुकू लागतात. संचातील पत्रिका पंचवार्षिक परीक्षेच्या तर नाहीत ना, हेही पाहून घ्यावे. गणिताचा विभाग दिसला की ते लगेच ओळखता येईल.

वकीलसाहेबांच्या एका मुद्द्याबाबत मात्र मी नम्रपणे वेगळे मत मांडतो. क्लॅटचे पुस्तक विकत घेऊ नये हे पूर्णपणे मान्य आहे, तथापि राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या संघाच्या संकेतस्थळावर मागील प्रश्नपत्रिका विनामूल्य उपलब्ध असतात आणि त्यांतील इंग्रजी व कायदेविषयक उतारे वाचनाच्या सरावाला अतिशय चांगले आहेत. आठवड्यातून एखादा उतारा वाचून त्याखालील प्रश्न सोडविले तर सीईटीतील छोटे उतारे सोपे वाटू लागतात.

मामेभावाचे एलसॅटचे पुस्तकही टाकून देऊ नये. त्या परीक्षेतून ऑगस्ट २०२४ पासून विश्लेषणात्मक कोड्यांचा विभाग काढून टाकण्यात आला, म्हणून अमेरिकेतील विद्यार्थ्याला जुन्या पुस्तकातील ती पाने आता लागत नाहीत. आपल्या सीईटीत मात्र बैठक व्यवस्था, क्रम लावणे, गट पाडणे अशा प्रकारचे प्रश्न तर्काच्या विभागात येतात आणि त्यांच्या सरावाला ती पाने उपयोगी पडतात. ती बरीच कठीण आहेत, त्यामुळे आधी नातेसंबंध, दिशा, सांकेतिक भाषा आणि संख्यामालिका हे नेहमीचे प्रकार स्पर्धा परीक्षेच्या एखाद्या बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तकातून पक्के करावेत आणि मगच तिकडे वळावे.

माध्यमाविषयी सांगायचे तर कायद्याचे पुस्तक मराठीत घ्यावे, परंतु ज्यात प्रत्येक पारिभाषिक शब्दाला इंग्रजी पर्याय दिलेला आहे असेच निवडावे. ‘अपकृत्य’, ‘प्राङ्न्याय’, ‘विबंध’ हे शब्द परीक्षेतील मराठी प्रश्नात अचानक समोर आले की मराठी माध्यमाच्या मुलांनाही ते परके वाटतात. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश अशा वेळी हाताशी असावा. जळगाव-धुळ्याच्या मोठ्या ग्रंथालयांत तो पाहायला मिळू शकेल.

उत्तर : वकील, जळगाव

क्लॅटच्या विनामूल्य प्रश्नपत्रिकांबाबतची सूचना योग्य आहे आणि ती मला मान्य आहे. केवळ एक पुस्ती जोडतो. त्या पत्रिका सोडविताना पाव गुण वजा करून हिशोब ठेवू नये, नाहीतर प्रश्न सोडून देण्याची सवय नकळत लागते.

ताई, आता खरेदीचा क्रम असा ठेवावा. इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक नवे घ्यायलाच हवे असे नाही. व्याकरणाचे नियम बदलत नाहीत, म्हणून जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाले तर निम्म्या किमतीत काम होईल. बुद्धिमत्ता चाचणीचे पुस्तकही जुने चालेल, फक्त आधीच्या विद्यार्थ्याने पेनाने उत्तरांवर खुणा केलेल्या नसाव्यात. कायद्याचे पुस्तक मात्र नवेच घ्यावे आणि मुद्रणाचे वर्ष मुखपृष्ठावर न पाहता आतील श्रेयपानावर पाहावे. प्रश्नपत्रिकांच्या संचाच्या छायाप्रती बांधून स्वस्तात विकल्या जातात, त्या घेऊ नयेत. प्रकाशकाच्या परवानगीशिवाय अशा प्रती विकणे हे १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाचे उल्लंघन आहे.

संविधानाचा मूळ मजकूर केंद्र शासनाच्या विधायी विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे, आणि नव्या तीन फौजदारी कायद्यांचा मजकूरही शासनाच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर वाचता येतो. मार्गदर्शक पुस्तकातील एखाद्या उत्तराविषयी शंका आली तर दुसरे मार्गदर्शक उघडून पाहण्याऐवजी तो मूळ मजकूर उघडावा. आमच्याकडे येणाऱ्या नव्या वकिलांनाही आम्ही हीच सवय लावतो, आणि तिची सुरुवात प्रवेश परीक्षेपासून झाली तर महाविद्यालयातील पहिले वर्ष आपल्याला पुष्कळ सोपे जाईल.

अर्ज भरण्यापूर्वी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचून प्रश्नसंख्या व विभाग पुन्हा पडताळून घ्यावेत. तेवढे झाल्यावर, शक्य असेल तर जळगावला या, म्हणजे माझ्या कार्यालयातील बेअर ॲक्टच्या (कायद्यांच्या भाष्याविना मूळ मजकुराच्या) प्रती आपल्याला वाचायला देईन.